मामाचं कौलारू घर, चार पावसाळे आणि एक तपेलं

मनोरीला माझ्या मामाचं कौलारू घर आहे आणि ते चार पावसाळे एकाच जागी गळत होतं, माजघरातल्या पलंगाच्या बरोब्बर डोक्यावर. पलंग सरकवला, खाली तपेलं ठेवलं, रात्रभर टप टप. दर मे महिन्यात कोणीतरी वर चढून काहीतरी करायचं, कधी तिथली आठ-दहा कौलं बदलायचं, आणि दर जूनमध्ये तपेलं परत बाहेर यायचं. शेवटी गेल्या एप्रिल-मेमधले पाच वीकेंड मी आणि मामा ह्याच्यामागे लागलो, पाणी नक्की कुठून येतं ते शोधलं आणि सुतारकाम सोडून बाकीचं आमचं आम्हीच केलं. सविस्तर लिहितोय कारण मी ज्याला ज्याला विचारलं त्याने एकच सल्ला दिला, कौलं काढा, पत्रे टाका. मामाला पत्रे नको होते. पत्र्याखाली दुपारी माणूस भाजून निघतो आणि पाऊस पडायला लागला की शेजारी बसलेल्याशी पण ओरडून बोलावं लागतं, हे त्याचं म्हणणं, आणि ते खरंच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मनोरी म्हणजे मालाडला उतरून मार्वेला जायचं आणि फेरीबोटीने खाडी पार करायची, की पलीकडे नारळ, विहिरी, सुकत घातलेली मासळी. मुंबईच आहे पण वाटत नाही. बोटीत बाइक चढते, मोठं सामान मात्र भाईंदर-उत्तनवरून रस्त्याने फिरवून आणावं लागतं, आणि घरकामात ह्या एका गोष्टीने अर्धा खर्च वाढतो.

घर कसं आहे ते आधी सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आढं, म्हणजे छपराचा सगळ्यात वरचा आडवा कणा, पूर्व-पश्चिम, त्यामुळे छपराचा एक उतार दक्षिणेला आणि एक उत्तरेला. पश्चिमेला अंगण, त्याच्या पुढे वाडी, मग समुद्र. पूर्वेच्या बाजूला म्हणजे घराच्या कुशीला चिकटून मामाने २००३ च्या आसपास एक आरसीसी खोली बांधली, खाली संडास-बाथरूम आणि स्लॅबवर पाण्याची टाकी. त्या खोलीची भिंत कौलांच्या वर येते, आढ्याजवळ तीन फूट आणि पागोळीकडे (छपराच्या खालच्या कडेला) त्याहून बरीच जास्त. म्हणजे कौलांचं छप्पर एका सिमेंटच्या उभ्या भिंतीला जाऊन टेकलंय. कोकणात, वसईत, गोराईत, कुठेही बघा, जुनं घर आणि बाजूला चिकटवलेला स्लॅबचा संडास हे दृश्य आहेच.

आता चार वर्षांत काय काय करून झालं होतं ते. पहिल्या वर्षी पलंगावरची कौलं बदलली. दुसऱ्या वर्षी परत बदलली, आणि एका मिस्त्रीने कौलं आणि भिंतीच्या सांध्यात सिमेंटचा तिरका पट्टा मारला, ज्याला ते लोक वाटा मारणं बोलतात. त्या वर्षी जून कोरडा गेला, सगळे खूश, आणि जुलैत पहिल्यापेक्षा जास्त गळायला लागलं. तिसऱ्या वर्षी त्याच वाट्यावर वॉटरप्रूफिंगचा रंग दोन हात. चौथ्या वर्षी मामा कंटाळला आणि निळी ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी सुंभाने बांधली, वर विटा. ताडपत्रीने गळणं कमी झालं हे मान्य करायला पाहिजे. पण ती पूर्ण पावसाळाभर आणि नंतरही तशीच राहिली आणि खाली काय चाललंय हे कोणालाच दिसलं नाही, ते पुढे येईलच.

एक गोष्ट मामी पहिल्या वर्षापासून सांगत होती. "सरळ पाऊस पडला तर नाय गळत, दर्यावरनं वारा सुटला की गळतं." हे वाक्य तिने किमान दहा वेळा माझ्यासमोर बोललंय आणि आम्ही सगळे हो हो करून कौलं मोजत बसायचो. पूर्ण प्रकरणाचं उत्तर त्या वाक्यात होतं आणि आम्हाला ते कळायला पाईप लावून दोन दिवस घालवावे लागले.

पाईपची परीक्षा

एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी ताडपत्री काढली. वर चढताना पहिली चूक मी केली, कौलाच्या मधोमध पाय ठेवला आणि कटकन आवाज, पुढचं पाऊल टाकेपर्यंत अजून तीन गेली. मामा खालून जे बोलला ते इथे लिहिता येणार नाही. मग त्याने दाखवलं, शिडी छपराच्या उतारावर निजवायची, वरच्या टोकाला दोरी बांधून ती आढ्यावरून पलीकडे अडकवायची आणि शिडीवरच चालायचं, म्हणजे वजन पाच-सहा रिपांवर (कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांवर) वाटलं जातं. शिडी नसेल तर निदान जिथे एक कौल दुसऱ्यावर चढलंय आणि खाली वासा (आढ्यापासून पागोळीपर्यंत येणारं तिरकं लाकूड) आहे तिथेच पाय. आणि चढायच्या आधी मीटरवरून येणारी वायर कुठून जाते ते बघा, आमच्याकडे ती हाताला लागेल इतकी जवळ होती, म्हणून मेन स्विच बंद केला.

परीक्षा अशी केली. मी वर पाईप घेऊन, मामा आत टॉर्च घेऊन, मामी दारात उभी राहून निरोप इकडून तिकडे. नेहमी खालून सुरुवात करायची, पागोळीकडून, आणि एकेक पट्टा दहा-दहा मिनिटं भिजवत वर जायचं. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडे पसरतं आणि कुठून आत गेलं ते कळतच नाही. पलंगाच्या वरचा पूर्ण भाग भिजवला, अर्धा तास, एक थेंब नाही. एक. थेंब. नाही. म्हणजे दोन वर्षं जी कौलं आम्ही बदलली त्यांचा काही संबंधच नव्हता. मग मी वैतागून पाईप भिंतीवर धरला, कौलांवर नाही, भिंतीवर, टाकीच्या खाली. बारा मिनिटांनी आतून मामा ओरडला. पलंगावर टपकायला लागलं होतं. भिंत आणि पलंग ह्यात पाच फुटांचं अंतर.

आत जाऊन बघितलं तर सगळं लिहून ठेवल्यासारखं स्पष्ट होतं. कौलं ज्या आडव्या पट्ट्यांवर टेकतात त्या रिपांपैकी एक रीप भिंतीपासून काळपट ओली, वरच्या कडेवर बोटभर रुंदीचा डाग, त्याला पांढरी क्षाराची किनार, आणि तो डाग सरकत सरकत तिसऱ्या वाशापर्यंत येऊन थांबतो. तिसरा वासा खाली दबलेला. दोरी ताणून बघितलं तर तिथे रीप जवळजवळ सव्वा इंच खाली आली होती. म्हणजे पाणी भिंतीपाशी आत शिरतं, रिपेवरून उतार मिळेल तसं चालत येतं आणि जिथे रीप सगळ्यात खाली आहे तिथे टपकतं. टपकायची जागा म्हणजे फक्त खळगा, भोक तिथे नाहीच.

मग सांध्यात काय बिघडलं होतं

इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला आणि सगळ्यात जास्त मजा पण आली. तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या.

मंगलोरी कौलाच्या एका कडेला खाच असते आणि दुसऱ्या कडेला उठलेला काठ, शेजारचं कौल त्यात अडकतं आणि त्या खाचेतून पाणी खाली वाहतं. खोली बांधली तेव्हा भिंतीजवळची शेवटची रांग पूर्ण बसत नव्हती म्हणून ती कापून बसवली. कापल्यावर काठ गेला. आता त्या कौलाच्या उघड्या कडेवरून पाणी सरळ खाली रिपेवर. एवढं साधं आहे, पण वरून बघितलं तर रांग नीट दिसते त्यामुळे कोणाला शंका येत नाही.

दुसरी गोष्ट तो वाटा. लाकडी छप्पर उन्हात-पावसात हलतं, फुगतं, आकसतं, कौलांवर माणूस चढला की दबतं, आणि भिंत जिथल्या तिथे उभी. दोघांना सिमेंटने चिकटवलं तर सिमेंटला चीर जाणारच. आमच्या वाट्याला भिंतीच्या बाजूने केसाएवढी चीर होती, पूर्ण लांबीभर, मी त्यात पोस्टकार्डाचा कोपरा घातला तर आत गेला. अशी बारीक चीर पाणी ओढून घेते आणि सुकू देत नाही. वरचा वॉटरप्रूफिंगचा रंग पण त्याच रेषेत फाटला होता.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे मामीचा वारा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्य-पश्चिमेकडून, आणि ही भिंत बरोबर पश्चिमेला तोंड करून उभी. सरळ पावसात तिच्यावर काही पडत नाही. वारा असला की सगळा पाऊस तिच्यावर आपटतो आणि खाली सांध्यात उतरतो. मी हिशोब करून बघितला. कौलांच्या वर आलेली भिंत धरा शंभर चौरस फूट, म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. पाऊस ४५ अंशात तिरका आला आणि दिवसभरात १०० मिलिमीटर झाला, जो मुंबईत जुलैत काही फार मोठा दिवस नाही, तर नुसत्या भिंतीवरून नऊशे लिटरच्या वर पाणी त्या एका फटीत येतंय. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर मिळून साधारण २३०० मिलिमीटर पडतो. २६ जुलै २००५ ला तर तिथे एका दिवसात ९४४ पडला होता, तो हिशोब मी केलाच नाही.

उतार पण मोजला कारण एका ओळखीच्याने "उतार कमी असेल" अशी शंका काढली होती. मोबाईलमधल्या लेव्हलने ३० अंश आला. मोबाईल नको असेल तर पातळी धरून एक फूट आडवं मोजा आणि तिथून खाली छपरापर्यंत किती ते बघा, सात इंच आले की झाले तीस अंश. कौलांना तेवढा चालतो. उताराची काही चूक नव्हती.

उघडल्यावर

भिंतीजवळच्या दोन रांगा काढल्या. काढताना प्रत्येक कौलावर खडूने नंबर टाकले, हे जरूर करा. वाटा छिन्नीने फोडला. खाली काय होतं तर आंब्याच्या पानांचा काळा चिखल, त्यात दोन गांडुळं, आणि भिंतीलगतचा पहिला वासा. मामाने त्यात स्क्रूड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत गेला, जसा काही केकमध्ये जातो. अर्धा वासा वाळवीने खाल्लेला. ताडपत्रीखाली पाच महिने ओल कोंडली होती, वारा नाही, ऊन नाही, वाळवीला अजून काय पाहिजे. कौलारू छप्पर फटींमधून श्वास घेतं म्हणून त्यातलं लाकूड साठ-साठ वर्षं टिकतं, तेच आपण प्लास्टिकने बंद केलं. मामा बराच वेळ काही बोलला नाही, मग बोलला "हे मीच केलं ना."

वासा नवीन घ्यायच्या ऐवजी रे रोडच्या लाकूड बाजारातून जुनं सागवान आणलं, कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीचं, तासलेलं, त्यात जुन्या खिळ्यांची भोकं. जुनं सागवान वाळून मुरलेलं असतं, नंतर पिळत नाही. टेम्पो भाईंदरवरून आला. गावातल्या सुताराने एक दिवसात भिंतीलगतचा वासा बदलला आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्या वाशाला बाजूने जोड देऊन रीप परत लेव्हलला आणली. रिपा बदलल्या सहा. नवीन लाकडाला आणि आजूबाजूच्या जुन्याला वाळवीचं औषध, मास्क लावून.

मी फोडलेल्या कौलांचा वेगळाच ताप झाला. दुकानातून नवीन आणली तर बसेनात. मंगलोरी कौलाचा पहिला कारखाना बासेल मिशन ह्या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेने १८६० च्या दशकात मंगळूरला काढला, त्यानंतर किनारपट्टीवर ढीगभर कारखाने निघाले आणि प्रत्येकाचा साचा थोडा थोडा वेगळा. लांबी-रुंदी सारखी वाटते पण खाच दोन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे, आणि तेवढ्याने शेजारचं कौल तरंगतं. म्हणून कौल उलटं करून पाठीवरचा छाप बघायचा आणि तोच छाप शोधायचा. मामाने गावात एका पडक्या घराच्या मागे रचून ठेवलेली तीस कौलं मिळवली, बदल्यात दोन डझन नारळ आणि एक बाटली. उरलेली पडवीत ठेवलीत, पुढच्या वेळी मी परत चढेन तेव्हासाठी असं मामी बोलते.

पत्र्याची पन्हळ

उपाय असा ठरवला की छप्पर आणि भिंत एकमेकांना चिकटवायचीच नाहीत. मध्ये पत्र्याची पन्हळ, जी छपराबरोबर हलेल, आणि तिच्यावर भिंतीतून आलेली एक पट्टी जी भिंतीबरोबर राहील. दोघांचा एकमेकांना स्पर्श आहे पण जोड नाही.

पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा घेतला, २२ गेज, कारण समुद्रकाठी साध्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याला कापलेल्या कडेपासून गंज चढतो. मालाडला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून बेंडिंग मशीनवर सात-सात फुटांचे चार तुकडे वाकवून घेतले. आकार असा, भिंतीला सहा इंच उभा, मग कौलांच्या खाली आठ इंच आडवा, आणि शेवटी एक इंच वर दुमडलेला. तो शेवटचा एक इंच सगळ्यात महत्त्वाचा, तो नसेल तर पाणी पत्र्यावरून परत रिपेवरच जाणार. सात फुटी पत्रे बोटीत बाइकवर आडवे धरून आणले, त्याचा फोटो आहे पण आई बघेल म्हणून टाकत नाही.

बसवताना खालून वर. खालचा तुकडा आधी, वरचा त्याच्यावर सहा इंच चढवून, आणि पन्हळीच्या पोटात एकही खिळा नाही. पत्र्याला दुमडीच्या बाहेरून पट्टीच्या हुकाने रिपांना अडकवलं. स्क्रू स्टेनलेसचे, रबरी वॉशर घालून, साधे लोखंडी खिळे अ‍ॅल्युमिनियमला लावले तर खाऱ्या हवेत सांध्यापाशी पत्रा खाल्ला जातो. ताजं सिमेंट पण अ‍ॅल्युमिनियमला चालत नाही म्हणून भिंतीकडच्या बाजूला डांबरी रंग मारला.

मग भिंतीत ग्राइंडरने कौलांपासून आठ इंच वर, छपराच्या उताराला समांतर, एक इंच खोल खाच. धूळ इतकी की शेजारची आजी बाहेर येऊन विचारून गेली काय पाडताय म्हणून. खाचेत दुसरी पट्टी घुसवली, ती खाली येऊन पन्हळीच्या उभ्या भागावर तीन-चार इंच झाकते, आणि खाचेत पॉलियुरेथेन सीलंट भरला. भिंतीच्या प्लास्टरला ज्या चिरा होत्या त्या भरून दोन हात बाहेरचा रंग. कौलं परत लावताना भिंत आणि कौलाच्या कडेत मुद्दाम दोन इंच मोकळे सोडले. सुतार बोलला बंद करून टाक, छान दिसेल. नाही केलं. हात आत गेला पाहिजे, कारण वर आंबा आहे.

खर्च सांगतो. लाकूड आणि टेम्पो साडेसहा हजार, सुतार दोन दिवसांचे तीन हजार, पत्रे आणि बेंडिंग पाच हजार दोनशे, सीलंट, रंग, स्क्रू, औषध, ग्राइंडरचं भाडं मिळून चार हजारच्या आसपास. एकोणीस हजारच्या आत. नारळ आणि बाटली वेगळी. पूर्ण छपराला पत्रे टाकायचं कोटेशन एक लाख चाळीस हजार होतं.

पावसाळ्यात काय झालं

मुंबईत पाऊस यायची नेहमीची तारीख ११ जून. आमची खरी परीक्षा जूनच्या शेवटी झाली, दोन दिवस दर्यावरून वारा आणि आडवा पाऊस. मी रात्री साडेअकराला बोरिवलीवरून फोन केला. मामा बोलला पलंग कोरडा आहे, तू झोप. सकाळी मामीचा फोन, आढ्यापाशी एक थेंब पडतोय, तासाला चार-पाच. दोन उतारांच्या पन्हळी आढ्यावर जिथे भेटतात तिथे मी पत्रा न वाकवता नुसता सीलंट भरला होता, आळस केला होता, तिथूनच. पाऊस उघडल्यावर तिथे खोगिरासारखा वाकवलेला पत्र्याचा तुकडा बसवला, बंद झालं.

आणि मग जुलैच्या मध्यावर पलंगावर परत गळलं. मला रडू यायचं बाकी होतं. बोट बंद, म्हणून मी भाईंदरवरून फिरून गेलो तोपर्यंत मामीने शिडी लावून पन्हळीत हात घालून मूठभर मूठभर आंब्याची पानं बाहेर काढली होती, खाली त्यांचा ढीग. पन्हळ तुंबली, पाणी एक इंचाच्या दुमडीवरून आत. दुमड दोन इंचांची पाहिजे होती, ही माझी चूक, आता परत उघडेन तेव्हा बदलेन. तोपर्यंत पंधरा दिवसांतून एकदा खराटा फिरवायचा, आणि आंब्याची त्या बाजूची एक फांदी पावसाळ्यानंतर उतरवायची असं ठरलं, मामाला फांदी तोडायची नाहीये त्यामुळे ते अजून ठरलेलंच आहे.

ऑगस्ट-सप्टेंबर कोरडे गेले. रिपेवरचा तो काळा डाग आता फिका पडलाय, बोट फिरवलं तर कोरडी पांढरी पूड हाताला लागते. निळी ताडपत्री मामीने धुऊन घेतली आणि ऑक्टोबरपासून तिच्यावर अंगणात जवळा सुकतो, विटा पण त्याच. तपेलं मात्र अजून पलंगाखाली आहे, मी विचारलं तर बोलली "राहू दे रे, जागेवर आहे."